अनुभव धागा: गे पुरुष, जुने घाव आणि उपचार (सातारा-सांगली)

समलिंगी पुरुषाला जुन्या आघातांवर उपचार घ्यायचे असतील तर आपल्या दोन जिल्ह्यांत नेमकं काय करावं, यासाठी हा धागा. आपापली कहाणी नको. समुपदेशक, डॉक्टर, वकील, गटांत काम करणारे यांनी कामाचं तेवढं लिहावं. पुण्यात चालतं ते इथे का अडतं, हेही.

मिरजेकडचा समुपदेशक

इथली पहिली अडचण म्हणजे वेटिंग रूम. शेजारच्या खुर्चीवर कुणाचे तरी साडू निघतात आणि संध्याकाळपर्यंत घरी फोन जातो. म्हणून लोक सांगलीहून कोल्हापूर, साताऱ्याहून पुणे गाठतात. मग भाडं आणि रजा परवडत नाही, येणं बंद पडतं. मधला मार्ग असा: पहिली भेट समोरासमोर, पुढच्या व्हिडिओवर. व्हिडिओ घरातून नको. उभी केलेली गाडी किंवा मित्राची खोली बरी, हेडफोन लावून.

वेळ घेताना डॉक्टरांशीच बोला, रिसेप्शनवर काही सांगू नका. वाक्य सरळ ठेवा: 'मला पुरुष आवडतात. ते बदलायचं नाही. त्यापायी जे सोसलं त्यावर काम करायचंय.' उत्तरात 'लग्न झालं की सगळं नीट होतं' असं आलं तर तिथे जाऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये अशी 'बदलण्याची' थेरपी हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ गोपनीयतेचं आहे. तुम्ही सज्ञान असाल तर सोबत आलेल्या वडिलांना बाहेर बसवायला सांगता येतं, आणि चांगला डॉक्टर ते स्वतःहूनच करतो.

आणखी एक. पहिल्या दोन-तीन भेटींत शाळेतली मारहाण किंवा अत्याचार खोदून काढायचे नसतात. आधी झोप, जेवण, घाबरं झाल्यावर सावरायची एखादी रीत, मग तपशील. उलट क्रमाने केलं की माणूस घरी जाऊन दोन रात्री जागतो आणि परत येत नाही.

गोळ्यांबद्दल (औषधांचं काम करणारा)

नैराश्य आणि चिंतेवर दिल्या जाणाऱ्या एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन या गटातल्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि बेचैनी असते. बरेच जण तिथेच सोडतात. बरं वाटल्यावर एकदम बंद करणारेही तितकेच. मग चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं आणि लोक म्हणतात गोळ्यांची सवय लागली. डोस डॉक्टरांकडूनच हळूहळू उतरवायचा.

आता खास गे पेशंटबद्दल. या गोळ्यांनी लैंगिक इच्छा कमी होऊ शकते. घरच्यांना वाटतं 'फरक पडतोय', कधी त्या पोरालाही वाटतं, आणि तेवढ्यात स्थळं बघायला सुरुवात होते. इच्छा उतरली म्हणजे ओढीची दिशा बदलली नाही. डोस बदलला की इच्छा बहुधा परत येते. हे चिठ्ठी लिहितानाच सांगायला हवं. मेडिकलमधून परस्पर क्लोनाझेपाम आणून रोज झोपेसाठी घेणं मात्र थांबवा, त्याची खरंच सवय लागते.

वाईकर

एसटीत किंवा लग्नाच्या मांडवात छाती धडधडली तर करायची गोष्ट: चार मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत बाहेर, साधारण पाच मिनिटं. 'खोल श्वास घे' असं कुणी म्हटलं की माणूस भराभर ओढतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात आणि भीती दुप्पट होते. जोर सोडण्यावर द्यायचा.

घरच्यांनी देवऋषी किंवा अंगारा काढला तर: दाभोलकर मूळ साताऱ्याचे, त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्येच जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंगात आलंय म्हणून मारहाण, दोरखंडाने बांधणं, चटके देणं त्यात गुन्हा आहे. नुसती पूजा, अभिषेक त्यात येत नाही, तिथे वाद घालत बसू नका.

सायबर प्रकरणं बघणारा वकील

डेटिंग ॲपवर ओळख, भेट, मग 'घरी सांगतो, पैसे टाक'. पहिला हप्ता दिला की दुसरा येतोच. ॲप लगेच उडवू नका. घाबरून उडवतात आणि पुरावाच जातो. आधी प्रोफाइल, नंबर, यूपीआय आयडी, धमकीचा मजकूर तारखेसकट स्क्रीनशॉटमध्ये घ्या, मग ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. भारतीय न्याय संहितेत खंडणी कलम ३०८ खाली येते. 'तुझ्यावरच केस होईल' ही धमकी पोकळ आहे: सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं जुन्या दंडसंहितेतलं कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं.

लहान गावात ॲप अंतर दाखवतं, अगदी मीटरमध्ये. सेटिंगमध्ये ते बंद करा.

पुन्हा मिरजेकडचा

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला जोडून: घरात एका माणसाला आधीच माहीत असलं की धमकीतली निम्मी हवा जाते. तो माणूस बहुधा बहीण किंवा वहिनी, वडील शेवटी. दिवाळी, लगीनघाई टाळा. सांगण्याआधी मार्कशीट, आधार, बँकेचे कागद आपल्या ताब्यात ठेवा आणि चार रात्री राहायची जागा ठरवा. आई 'माझं काय चुकलं?' विचारतेच, 'काही नाही' एवढंच म्हणा, तिथे विज्ञान नको. रात्रीबेरात्री जीव नको झाला तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

वकील

जोडीदारासोबत राहणाऱ्यांसाठी. 'माझ्यानंतर त्याचं काय' ही काळजी समुपदेशनाने जात नाही, कागदाने जाते. संयुक्त खातं आणि नॉमिनी म्हणून जोडीदाराचं नाव लावायला बंदी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. शाखेत अडवलं तर ते पत्रक दाखवा. पण नॉमिनी पैसे फक्त ताब्यात घेतो, मालकी वारसाकडे जाते. म्हणून मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी ऐच्छिक आहे, तरी करून घ्या, कारण इथे भाऊबंद कोर्टात जातातच. एक साक्षीदार डॉक्टर असला तर 'शुद्धीत नव्हता' हा आक्षेप टिकणं अवघड जातं. साक्षीदार म्हणून जोडीदाराला बसवू नका.