कायदा कडक झाला, समितीचे काय?

घोडबंदरकर: "महाविद्यालयांतील लैंगिक अत्याचारांवर सरकारने पुरेसे केले आहे, आता फाशीची तरतूद तेवढी राहिली," असे काल आपल्या गटावर एका सदस्यांनी लिहिले, ते वाचून गप्प बसवले नाही. महिलांवरील अत्याचारांना फाशीपर्यंत शिक्षा सुचवणारे शक्ती विधेयक आपल्या विधिमंडळाने डिसेंबर 2021 मध्ये मंजूर केले, पण राष्ट्रपतींच्या संमतीअभावी त्याचा कायदा झालाच नाही. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीच्या बलात्कार-हत्येनंतर महिन्याच्या आत बंगालनेही तसेच कडक अपराजिता विधेयक आणले. मुलीला प्रत्यक्ष जिथे दाद मागता येते ती महाविद्यालयातील लैंगिक छळाच्या तक्रारींची अंतर्गत समिती मात्र कोणाच्या गावी नाही. 2016 मध्ये अधिसूचित झालेले विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम सांगतात की, प्रकरण विद्यार्थ्यांचे असल्यास समितीवर निवडून आलेले तीन विद्यार्थी असावेत आणि कुलगुरू, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांपैकी कोणीही नसावे. ठाणे-नवी मुंबईत अशी निवडणूक कोणी पाहिली आहे का?

नेरूळकर: ते विधान माझेच. शिक्षेचा धाक नसेल, तर तुमच्या समितीला विचारतो कोण? शिवाय बदलापूरच्या शाळेतील चिमुरड्यांवरील अत्याचारानंतर ऑगस्ट 2024 मध्ये शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे झाले, हे सोयीस्करपणे वगळलेत. तीच सक्ती महाविद्यालयांत करावी.

खारेगावकर: कॅमेऱ्यांचे कौतुक पुरे. माझी भाची वाशीजवळच्या एका वसतिगृहात राहते. तेथील चित्रण पाहून कोणती मुलगी किती वाजता आली, हे पालकांना तत्परतेने कळवले जाते; मात्र तिच्या मैत्रिणीने पाठलाग करणाऱ्याचे चित्रण मागितले, तेव्हा नेमके त्या दिवशी यंत्र बंद निघाले.

नेरूळकर: एका वसतिगृहावरून सगळ्यांना झोडपू नका. कॅमेरे काढून मुलींना रामभरोसे सोडायचे का?

खारेगावकर: काढा असे मी कुठे म्हटले? पाळत मुलींवर आणि निश्चिंती पालकांना, हा न्याय आपल्यालाच लखलाभ!

कळव्याच्या निवृत्त प्राध्यापिका: मी अशा समितीवर काम केले आहे. त्रास देणाऱ्याच्या हाती बहुधा अंतर्गत गुण असतात, आणि कॅमेऱ्याला दिसते ते फक्त त्याच्या केबिनचे बंद दार. गुण लागेपर्यंत मुलगी थांबते, तोवर तक्रार करण्याची तीन महिन्यांची मुदत उलटते. कारणे नोंदवून आणखी तीन महिने देता येतात, हे आमच्या प्राचार्यांना मीच दाखवून दिले. अशाच एका प्रकरणात पुढे आमची शिफारस व्यवस्थापनाकडे गेली आणि त्रास देणाऱ्या गृहस्थांची बदली संस्थेच्याच दुसऱ्या महाविद्यालयात झाली, विषय तोच, विद्यार्थिनी नव्या. ओडिशात बालासोरच्या विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली होती. जुलै 2025 मध्ये तिने स्वतःला जाळून घेतल्यानंतर त्याला अटक झाली. तेथे फाशीची तरतूद कमी पडली, असे आपल्याला खरोखर वाटते का?

नेरूळकर: बाई, समिती जिवंत असावी हे मान्य. तिच्या निवडणुकीवर लक्ष ठेवायला तरी कॅमेरा चालेल ना?

घोडबंदरकर: निवडणूक होऊ द्या, कॅमेरा मी स्वखर्चाने आणतो. समिती न नेमणाऱ्यास कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे; तो आपल्या जिल्ह्यात कोणत्या महाविद्यालयाकडून वसूल झाला, हे सरकारने आधी जाहीर करावे, मग फाशीवर बोलू.