तयार नकाशा आणि त्यातले देव आपल्या मोहिमेत कसे बसवायचे?

प्रश्न: डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं साकारत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर घरची मोहीम (अनेक बैठकांत चालणारी कथा) चालवतोय. खंडाचा तयार नकाशा आहे, पण प्रवासाची अंतरं जुळत नाहीत. शिवाय क्लेरिकचा, म्हणजे देवाच्या शक्तीने मंत्र वापरणाऱ्या पात्राचा, देव आमच्या जगात नाही. सुरुवात कुठून करू?

नकाशावेडा: अख्खा खंड घेऊच नका. एक बंदर, एक नदी, एक डोंगररांग एवढाच तुकडा कापा. त्यावर ६ मैलांच्या षटकोनांची जाळी टाका. साधारण चालीने दिवसाला २४ मैल, म्हणजे ४ षटकोन. गडबड बहुधा आकार बदलताना होते: चित्र ताणलं जातं, प्रमाणपट्टी वेगळ्या लेयरवर (चित्राच्या थरावर) तशीच राहते. दोन्ही लेयर आधी एकत्र करा. आणि नदीला मध्येच फाटे फोडू नका. उपनद्या येऊन मिळतात. फाटे फुटतात ते बहुतेक मुखाशी.

देवघर: देवाचं नाव नंतर, डोमेन (देवाचं क्षेत्र, जसं युद्ध किंवा निसर्ग) आधी. २०१४च्या प्लेअर्स हँडबुकात (खेळाडूंच्या नियमपुस्तकात) ७ डोमेन आहेत. खेळाडूने घेतलेलं डोमेन तसंच ठेवलंत तर मंत्रांची यादी बदलावी लागत नाही. मग तीनच गोष्टी ठरवा: भक्तांना निषिद्ध काय, देऊळ कोणत्या वाटेवर, वैर कुणाशी. वैर सगळ्यात महत्त्वाचं, कारण खेळात प्रसंग त्यातूनच उभे राहतात. विश्वाच्या उत्पत्तीची कथा आत्ता लिहू नका.

प्रश्नकर्ता: भुयारांच्या नकाशांनाही हेच लागू?

नकाशावेडा: नाही. तिथे चौकोन ५ फुटांचा. जुन्या नकाशांत तो बऱ्याचदा १० फुटांचा असतो, तेव्हा प्रत्येकाचे ४ करा. नाहीतर १० फुटी बोळ ५ फुटी होतो आणि ओगरसारख्या धिप्पाड राक्षसाला त्यातून अंग चोरून जावं लागतं.