'हाऊसहोल्ड'ला काय म्हणावं: कुटुंब, बिऱ्हाड की चूल?

उमरेडरोड
नमस्कार मंडळी. मी नागपूर जिल्ह्यात माता-बाल आरोग्याच्या एका सर्वेसाठी घरोघरी फिरून फॉर्म भरते. आमच्या छापील फॉर्मवर 'हाऊसहोल्ड'च्या जागी सगळीकडे 'कुटुंब' आहे आणि त्या एका शब्दापायी रोज अडते.

परवाचंच सांगते. पारशिवनी तालुक्यात एका घरी गेली, दार एक, अंगण एक, आत सासू आणि दोन सुना. मी विचारलं तुमच्या कुटुंबात किती जण, सासू म्हणे नऊ. मग स्वयंपाकघर पाहिलं तर तिथं एक गॅस, आणि मागच्या सपरीत लहान सुनेची मातीची चूल, तिच्यावर भाताचं गंज चढवलेलं. मी म्हटलं आजी हे वेगळं शिजते का, तर म्हणे, "घर येकच हाय बाई, चुली दोन हायेत. लहानीचं दिवाळीपासून अलग शिजते." म्हणजे आमच्या हिशेबानं तिथं दोन हाऊसहोल्ड, आणि 'कुटुंब' विचारल्यावर उत्तर आलं एक. ती खोटं नव्हती बोलत, तिच्या कुटुंबात नऊ जणं आहेतच.

ट्रेनिंगमधे हा मुद्दा काढला तर सांगितलं की कुटुंब म्हणजे कुटुंब, लोकांना बरोबर समजते. नाही समजत हो. म्हणून विचारते, खरा शब्द कोणता?

झेंडाचौक
ताई, प्रश्न फार चांगला काढला. मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं आणि माझं मत असं की आपल्याकडे या गोष्टीला एक नाही पाच शब्द आहेत आणि प्रत्येकाची मोजायची पट्टी वेगळी. 'कुटुंब' नात्यावर चालतं. मुलगा पुण्याला नोकरीवर असला तरी तो कुटुंबातच, आणि जुन्या लोकांच्या बोलण्यात तर 'आमचं कुटुंब' म्हणजे बायको. 'बिऱ्हाड' म्हणजे मुक्काम, त्यात भाड्याचा वास येतो, नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यांमधे एकेका वाड्यात सात-सात बिऱ्हाडं असत पण स्वतःच्या घरात राहणाऱ्याला कोणी बिऱ्हाड म्हणत नाही. 'उंबरा' गावाचा आकार सांगायला, दोनशे उंबऱ्यांचं गाव. आणि वर्गणी काढताना 'घरटी शंभर रुपये', तिथं घरटी म्हणजे दर घरामागे.

पण तुम्हाला हवा तो अर्थ चुलीतच आहे. भाऊ वेगळे झाले हे आपण कसं सांगतो? 'त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या'. घराची वाटणी नंतर होते, शेताची कधी होतच नाही, चूल आधी वेगळी होते. लग्नाचं चूलबंद आवतण देतात तेही असंच, की त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही, सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. म्हणजे कोणाला किती जणांचं आवतण हे गावानं चुलीवरच मोजलं आहे.

संत्राबर्फी
चूलबंद आवतण!! आमच्या आजीकडे अजून असंच म्हणतात. पण काका आता सगळ्यांकडे गॅस आला, 'तुमची चूल' म्हटलं तर नवीन सुना म्हणतील आमच्याकडे चूल नाही. आणि फॉर्ममधे इंधनाचा वेगळा प्रश्न असतोच ना, तिथं घोळ होईल.

कामठीकर
मी स्टॅटिस्टिक्सचा विद्यार्थी, थोडं माझ्या बाजूनं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून होते, पाचवी फेरी २०१९-२१ ची, काम मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे. त्यात हाऊसहोल्डची कसोटी साधारण हीच, एका ठिकाणी राहणारे आणि एकत्र शिजवून खाणारे, नातं असो की नसो. चार पोट्टे खोली करून राहतात आणि एकत्र डाळभात लावतात तर तेही एक हाऊसहोल्ड, त्यांना कुटुंब कोण म्हणेल? म्हणून 'कुटुंब' दोन्ही बाजूनं चुकते, कुठं जास्त धरते कुठं कमी.

पण एक सांगतो, चुली जोडल्या की तोडल्या यानं लेकरांच्या आकड्याला फार फरक पडत नाही, लेकरू कोणत्यातरी एका चुलीत येतेच. फरक पडते संडास, पाणी, इंधन यांच्या टक्क्यांना, ते घरांवर मोजतात. लेकरांचा घोळ होते तो दुसरीकडे, माहेरी.

उमरेडरोड
अगदी बरोबर पकडलं दादा. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर आपल्याकडे ठरलेलं. मी सासरी जाते तेव्हा सून भंडाऱ्याला गेलेली असते, आणि माहेरी जाते तेव्हा आई म्हणते "ती आमच्या घरची नाही, पाहुणी हाय, तिचं नाव कायले लिहिता". आणि ओल्या अंगाची बाळंतीण समोर बसलेली, मांडीवर वीस दिवसांचं लेकरू, आम्हाला जिची माहिती सगळ्यात जास्त पाहिजे तीच. म्हणून नियम असा की काल रात्री या घरात कोण झोपलं ते विचारायचं. सासरच्या यादीत तिचं नाव कायमची राहणारी म्हणून येईल, माहेरच्या यादीत पाहुणी म्हणून, पण बाळंतपणाचे प्रश्न रात्री जिथं झोपली तिथंच. हे मी 'कुटुंब' शब्दातून कसं विचारू, सांगा. कुटुंबात तर लग्नानंतर ती माहेरी राहतच नाही.

झेंडाचौक
लेक पाहुणी होते ती याच 'कुटुंब' शब्दानं. वाचून वाईट वाटलं पण खरं आहे.

संत्राबर्फी
माझी आई आरोग्य सेविका होती, ती म्हणायची यापेक्षा कठीण शब्द 'दगावलं' आहे. यावर पण बोला कोणीतरी.

कामठीकर
यावर मी बोलतो कारण आकडा इथंच हलते. अर्भक मृत्यू दर, म्हणजे वर्षाच्या आत गेलेली लेकरं, दर हजार जिवंत जन्मांमागे काढतात, महाराष्ट्राचा २०१९-२१ च्या फेरीत २३.२ आला, देशाचा ३५.२. मेलेलंच जन्मलेलं मूल यात ना मृत्यूंमधे धरतात ना जन्मांमधे, ते पूर्ण बाहेर. आता बाई म्हणाली "पहिलं दगावलं", तर ते पोटातच गेलं की जन्मून गेलं? शब्दावरून काहीच कळत नाही. जन्मून दहा मिनिटं जगलेलं मूल मृत जन्म म्हणून लिहिलं गेलं तर ते हिशेबातूनच गायब, उलटं लिहिलं तर दर फुगते.

झेंडाचौक
'दगावणे' हे 'दगा'वरून. नशिबानं दगा दिला असा भाव, म्हणून मरण हा शब्द तोंडी न घेता माणसं तो वापरतात, बाळंतपणात गेलेल्या बाईलाही 'दगावली' म्हणतात. कोणाचा दोष नाही असं त्यात गृहीत आहे आणि कधी, कसं, हेही त्यात झाकलं जातं. 'उपजत मेलं' म्हटलं तर स्पष्ट होतं, पण हल्ली 'उपजत' म्हटलं की लोकांना उपजत बुद्धी आठवते.

उमरेडरोड
म्हणून आम्हाला पुढं विचारावं लागते, "लेकरू रडलं होतं का? हाललं होतं का, श्वास घेतला होता का?" एकदा हिंगण्याकडे एका बाईला विचारलं, ती आधी म्हणाली होती दगावलं, मी मृत जन्म लिहायलाच निघाली होती आणि मग हा प्रश्न विचारला तर तिनं हातातलं सूप खाली ठेवलं, म्हणाली, "रडलं होतं न. एकदा. मले आवाज आला होता, दाखवलं नाही कोनं." सहा वर्षं झालेली. तिला कोणी विचारलंच नव्हतं की रडलं होतं का. मी फॉर्म दुरुस्त केला, मुलगी, वय शून्य दिवस. मी तेव्हापासून 'दगावलं' शब्द ऐकला की पेन उचलते आणि हा प्रश्न विचारते, घाई कितीही असो.

संत्राबर्फी
ताई 🙏

कामठीकर
एक राहिलंच, पेपरवाले 'माता मृत्यू दर ३३' छापतात, महाराष्ट्राचा २०१८-२० चा, ते दर एक लाख जिवंत जन्मांमागे आहे म्हणून काटेकोर शब्द 'माता मृत्यू प्रमाण'. दर म्हणजे १५ ते ४९ वयाच्या बायांमागे काढतात तो, वेगळा. आणि तो ३३ सरकारच्या जन्म-मृत्यूंच्या नमुना नोंदणी पाहणीतून येते, एका जिल्ह्याच्या हजारभर घरांच्या सर्वेत इतक्या कमी घटना सापडतच नाहीत.

उमरेडरोड
तर मंडळी, मी आमच्या टीमपुरतं असं ठरवून राहिली आहे: "तुमचं एकत्र शिजते अशी माणसं कोणकोण", मग "काल रात्री इथं कोण झोपलं, पाहुणेपण सांगा". 'शिजते' म्हटलं की गॅस असो चूल असो, अडत नाही. चालेल का?

झेंडाचौक
चालेल, छान आहे. फक्त शेतावरचा सालदार तुमच्याकडेच जेवत असेल आणि रात्री तुमच्याच सपरीत झोपत असेल तर 'तुमचं' म्हटल्यावर त्याचं नाव कोणी सांगणार नाही, त्याची बायको-लेकरं असली तर तीही सुटतील. 'या घरात एकत्र शिजते अशी' करून पाहा.

उमरेडरोड
हो सर, हे सुटलंच असतं. उद्या मौद्याकडे आहे, तिथं असंच विचारून पाहते.