ढेकणांसाठी भुकटीत फेरोमोन मिसळायचं का?

खाटमोड
फवारणी झाली, काही दिवस बरे गेले, आणि आता पहाटे हातावर पुन्हा ओळीने गांधी. म्हणून डायटोमेशियस अर्थची (सूक्ष्म शेवाळांच्या जीवाश्मांपासूनची माती) भुकटी आणलीय. तीत ढेकणांचंच फेरोमोन, म्हणजे ते एकमेकांना इशारा द्यायला सोडतात तो वास, मिसळलं तर जास्त मरतात असं वाचलं. खरं आहे का? घरात रांगतं मूल आहे.

फटीतला माणूस
पेस्ट कंट्रोलमध्ये माझी हयात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

वाचलंत ते खरं आहे, फक्त मारायचं काम भुकटीचं, वासाचं नव्हे. ढेकूण चिरडल्यावर नाक मुरडायला लावणारा वास येतो ना? तेच ते फेरोमोन, मुख्यतः हेक्सेनाल आणि ऑक्टेनाल ही दोन रसायनं. तेव्हा त्याचा ढेकणांना कळणारा अर्थ: पळा. २००९ साली ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी हा वास भुकटीत मिसळून पाहिला. ढेकूण सैरावैरा धावले, अंगाला भुकटी जास्त माखली आणि लवकर वाळून मेले. पण हे सगळं प्रयोगशाळेत. तुमच्या पलंगाला सतरा फटी असतात.

ढेकणाच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे आतलं पाणी टिकतं. भुकटी तो थर शोषून घेते, मग पाणी उडून जातं. म्हणून फवारणीला सरावलेले ढेकूणही हिच्यापुढे सहसा टिकत नाहीत. मात्र डायटोमेशियस अर्थपेक्षा सिलिका जेलची भुकटी घ्या. त्या प्रयोगातही सिलिकावालीच सरस ठरली होती, आणि दमट हवेत डायटोमेशियस अर्थ ढिली पडते.

आता खरी गोम. लोक पांढरे ढीग ओततात, आणि ढेकूण ढिगाला वळसा घालून जातो. मऊ ब्रशच्या टोकाला जेमतेम भुकटी घ्या, झटका, आणि उरलेली पलंगाच्या सांध्यांत, स्क्रूच्या भोकांत, फळ्यांच्या टोकांना, भिंतीलगतच्या पट्टीमागे फिरवा. बोट फिरवलं तर बोटाला पांढुरकं लागावं, लांबून दिसू नये. गादीवर, चादरीवर, मूल रांगतं तिथे अजिबात नाही. तुम्हीही मास्क लावा. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरसाठी विकतात ती डायटोमेशियस अर्थ तर घरातच आणू नका. ती भाजलेली असते, तिच्यातली स्फटिकरूप सिलिका फुप्फुसांची वाट लावते; सिलिका जेल स्फटिकरूप नसते.

चादरझटक
मग फेरोमोनचे सापळे कशाला म्हणतात? पळवायचंय की बोलवायचंय?

फटीतला माणूस
ते फेरोमोन वेगळं. हे पळवणारं, ते जमवणारं. २०१५ मध्ये कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या गटाने जमवणारं मिश्रण उलगडलं. गंमत म्हणजे हेक्सेनाल-ऑक्टेनाल त्यातही आहेत! जोडीला हिस्टामिन, ढेकणाला एका जागी बसवून ठेवणारं. त्या गटातल्या रेजिन ग्रीस यांनी प्रयोगाचे ढेकूण स्वतःच्या हातांवर पोसले होते. माझी तेवढी तयारी नाही.

खाटमोड
वासाने पळून शेजारच्या खोलीत गेले तर? आणि अंड्यांचं काय?

फटीतला माणूस
जाऊ शकतात, म्हणून आधी वाटा भुकटीने अडवायच्या. तुम्ही मात्र त्याच पलंगावर झोपा. ढेकूण तुमच्या श्वासावर आणि उबेवर येतो. तुम्ही खोली बदललीत की तोही बदलेल. अंड्यांवर भुकटीचा भरवसा धरू नका. पिल्लू साधारण सहा ते दहा दिवसांत बाहेर येतं, आणि पाचही वेळा कात टाकण्याआधी त्याला रक्त प्यावंच लागतं, म्हणजे भुकटीवरून चालणं आलंच. तेव्हा पांढरं दिसतं म्हणून लगेच पुसू नका आणि तिच्यावर ओली फवारणी करू नका. चादरी गरम ड्रायरमधून काढा, त्यात अंडीही मरतात.

खाटमोड
आणि हेक्सेनाल सुटं मागवून मिसळलं तर?

फटीतला माणूस
नको. नाका-डोळ्यांना झोंबतं, आणि घरात रांगतं मूल आहे. ढेकणांना हलवायला तुम्ही झोपलात एवढंच पुरे.