लहान मुलांना हेडिंगचा सराव कशाला?

नेरूळकर: माझा नऊ वर्षांचा मुलगा संध्याकाळी नेरूळला टर्फवर फुटबॉल शिकायला जातो. सर समोरून बॉल फेकतात, पोरं रांगेत एकेक करून हेडर मारतात, म्हणजे बॉल डोक्याने मारतात, रांग संपली की पुन्हा पहिल्यापासून. एवढ्याशा मुलांकडून हे करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डोक्याला वर्षानुवर्षं हादरे बसून मेंदू झिजत जातो, त्या आजाराला सीटीई म्हणतात. इंग्लंडचा जेफ ॲस्टल हेडरसाठीच नावाजलेला. 2002 साली 59व्या वर्षी गेला. 2014 मध्ये त्याचा मेंदू पुन्हा तपासला तेव्हा सीटीई निघाला. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग बंद करायचं 2015 मध्येच ठरलं. आपण कशाची वाट बघतोय?

ठाणे_कोच: ॲस्टलच्या काळचा चामड्याचा बॉल पावसात भिजून जड व्हायचा. आणि आकडे नीट बघा. 2017 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या (हा वेगळा, धडका देण्याचा खेळ) एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या 111 खेळाडूंपैकी 110 जणांत सीटीई सापडला, पण मेंदू दान करणारी बरीच घरं आधीच त्रास बघून पुढे आलेली. मान ताठ, डोळे उघडे, बॉल कपाळावर, हे लहानपणीच अंगवळणी पडतं. तेराव्या वर्षी नव्याने शिकणारा पोरगा डोळे मिटून टाळूवर बॉल घेतो, त्याला जास्त लागतं.

नेरूळकर: मग स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंचं बघा. ग्लासगोच्या अभ्यासात 2019 मध्ये मेंदूच्या अशा आजारांनी होणारे मृत्यू सामान्य लोकांच्या साडेतीनपट आढळले. 2021 मध्ये मैदानावर खेळायच्या जागेनुसार पाहिलं, तर गोलकीपरना धोका सामान्य माणसाइतकाच, डिफेंडरना सगळ्यात जास्त. हेडर कोण मारतं?

सानपाडाकर_आई: तुम्ही दोघं हेडिंगवरच अडलात. मॅचमध्ये माझ्या मुलीचं डोकं दुसरीवर आपटलं, ती भेलकांडत होती, तरी तोंडावर पाणी मारून तिला परत उतरवलं. चक्कर, उलटी, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, यातलं काहीही दिसलं की त्या दिवशी खेळ बंद. आधी एवढा नियम करा.

कोपरीचा_गोविंदा: ठाण्यात पोरं थरांवरून पडतात, तिथला धोका याहून मोठा आहे.

नेरूळकर: आहेच, हेल्मेट हवंच. पण तिथे पडल्यावर आपण सीटी स्कॅनला धावतो. सीटीई जिवंतपणी कुठल्याच स्कॅनमध्ये पक्का कळत नाही. मृत्यूनंतर मेंदूत साठलेलं टाऊ प्रथिन बघूनच निदान होतं.

ठाणे_कोच: ताईंचं म्हणणं शंभर टक्के मान्य. लहान गटाला फुग्यावर किंवा स्पंजच्या बॉलवर शिकवायलाही माझी ना नाही. पण हेडिंग साफ बंद करायला माझा विरोधच राहील.