इअरप्लग घ्यावेत की इअरबड्स? आजच ऑर्डर टाकायचीये

भिंतीपलीकडं: मंडळी, आवाज कमी करायला इअरप्लग बरे की नॉइज कॅन्सलिंगचे बड्स? बजेट दोन हजार. लवकर सांगा, डोकं फुटायची वेळ आलीये.

कडक_भाकरी: कसला आवाज बे? अभ्यासाला की झोपायला?

भिंतीपलीकडं: झोपायलाच की. सोलापुरात साखर पेठेत राहतो, भिंतीला लागून चार यंत्रमाग. अजून काय सांगू?

बासवाला: डोळे झाकून बड्स घे. एसटीत लावतो मी, इंजिनाची घरघर गायब.

जुना_जॉबर: घरघर एकसुरी असते, ती बड्स मारतात. मागात आडवा धागा नेणारा धोटा आपटतो तो खट्ट आवाज तसा मरत नाही. फोमचे घ्या. आम्ही २२ वर्षं कानात काही न घालता काढली, आता बायकोला तीनदा हाक मारावी लागते.

बासवाला: काका, तुमच्या काळातले बड्स वेगळे.

जुना_जॉबर: आमच्या काळात बड्स कान कोरायला असायचे.

मीनाक्षी_सो: कापसाचा बोळा घाला, खर्च शून्य.

कडक_भाकरी: कापसानं कुठं आवाज अडतो ताई? शिवाय कुशीवर झोपलं तर बड्स कानात टोचतात. फोमच.

भिंतीपलीकडं: फोमचे आणले होते मेडिकलातून. काही फरक नाही.

कडक_भाकरी: हे आत्ता सांगतोस? घातलेस कसे?

भिंतीपलीकडं: घातले म्हणजे... कानात.

कडक_भाकरी: नुसते टेकवले असशील. बोटांत वळून वातीसारखा बारीक कर. दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर-मागं ओढ, आत सरकव, फुगेपर्यंत बोटानं दाबून धर. अर्धा बाहेर लोंबत असेल तर पाकिटावरच्या डेसिबलला अर्थ नाही.

नियमावली: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्री १० ते ६ मर्यादा ४५ डेसिबल. तक्रार ठोका.

भिंतीपलीकडं: रात्री मी ड्यूटीवर असतो हो, झोपतो दिवसा. आणि माग घरमालकाचेच आहेत.

नियमावली: दिवसा ५५.

चादर_प्रेमी: घरमालक चादरी काढतात का? होलसेल भाव विचाराल? लग्नात आहेराला चाळीस हव्यात.

भिंतीपलीकडं: टॉवेल काढतात. बरं, वळून घातले. खट्ट पुष्कळ दबली, पण उशीवर डोकं टेकलं की धडधड येतेच.

जुना_जॉबर: ती भिंतीतून पलंगात उतरते, कानात काहीही घातलं तरी येणारच. पलंग भिंतीपासून हातभर ओढा. मालकाला मागाच्या पायांखाली रबर घालायला सांगा, त्याचेच नट-बोल्ट कमी ढिले होतील.

भिंतीपलीकडं: पलंग ओढला. सलग पाच तास झोपलो. अलार्मही ऐकू आला नाही, ड्यूटीला पाऊण तास उशीर.

बासवाला: बड्समध्येच अलार्म वाजला असता.

चादर_प्रेमी: टॉवेलही चालतील. भाव?