'रोजची भाकर' मूळ ग्रीकमध्ये खरंच 'रोजची' आहे का?

टपालपेटी: मंडळी एक शंका आहे. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' म्हणतो ना आपण, तर यूट्यूबवर एकजण छातीठोक सांगत होता की तिथला ग्रीक शब्द एपिऊसिऑस आहे आणि त्याचा अर्थ 'रोजचा' नाहीच, 'स्वर्गीय' आहे. आणि तसंही 'रोजची' म्हटल्यावर परत 'आज' कशाला, हे मला आधीपासूनच खटकतं. कोणाला ग्रीक येतं का इथे?

जुनीवही: थोडंफार येतं. हा शब्द बायबलमध्ये मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रांत), मत्तय ६:११ आणि लूक ११:३ मध्ये आहे, दिदाखे नावाच्या जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेतपण आहे पण तिथे हीच प्रार्थना घेतलीय, म्हणजे स्वतंत्र पुरावा नाहीच. तिसऱ्या शतकातला ओरिगेन, अलेक्झांड्रियाचा, ग्रीकमध्येच वाढलेला माणूस, तो म्हणतो की हा शब्द ना विद्वान वापरतात ना साधी माणसं, शुभवर्तमानकारांनीच घडवलेला दिसतो. त्याला माहीत नव्हतं तर यूट्यूबवाल्याला कुठून कळलं 😄

'स्वर्गीय'चं मूळ बहुतेक जेरोम, बायबल लॅटिनमध्ये आणणारा. त्याच्या लॅटिनमध्ये लूकमध्ये 'क्वोतिदियानुम' म्हणजे रोजची, आणि मत्तयात त्याच ग्रीक शब्दाला 'सुपरसुब्स्तान्सियालेम', भौतिकाच्या पलीकडची. मिस्सामधल्या (कॅथलिक उपासनेतल्या) भाकरीशी, म्हणजे ख्रिस्तशरीराशी, संबंध जोडणाऱ्यांना याचा आधार मिळाला.

कोपऱ्यातला: इजिप्तमध्ये एका पपायरसवर (लव्हाळ्याच्या जुन्या कागदावर), खर्चाच्या यादीत, हा शब्द सापडलाय ना? 'रोजचा शिधा' अशा अर्थाने. जुन्या कोशात वाचलंय.

जुनीवही: ते वाचन १८८९ चं, नंतर तो पपायरस गहाळच झाला. १९९८ मध्ये येल विद्यापीठात परत सापडला आणि नीट बघितलं तर तिथे 'एलाइऊ' निघालं, म्हणजे तेल. शंभर वर्षं लोक त्याच्यावर इमले बांधत होते!

मीठभाकर: मला 'उद्याची' हा अर्थ पटतो. प्रेषितांची कृत्ये १६:११ मध्ये 'एपिऊसा' म्हणजे दुसरा दिवस, आणि जेरोमच सांगतो की एका हिब्रू शुभवर्तमानात इथे 'माहार' होतं, म्हणजे उद्याची. 'उद्याची भाकर आज दे', मग टपालपेटींचा 'आज'चा घोळच मिटतो. रोजंदारीवरच्या माणसाला उद्याचं पीठ आज संध्याकाळीच घरात लागतं हो. लूकमध्ये तर 'आज'च्या जागी 'दररोज' आहे, तिथे 'रोजची' घेतलं तर 'रोजची भाकर रोज दे' होतं.

टपालपेटी: पण त्याच अध्यायात पुढे ६:३४ ला 'उद्याची चिंता करू नका' आहे की!

मीठभाकर: आहे ना, पण मागून टाकलं की मग चिंता कशाला करायची?

जुनीवही: वाद घालायला बरं आहे, पण माझं मत 'गरजेपुरती'ला. जुन्या सिरियाक भाषांतरात, पेशित्तात, 'आमच्या गरजेची भाकर' असंच आहे, आणि निर्गम १६ मधला मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेलं अन्न, आठवा, जास्तीचा ठेवला की किडे पडायचे.